पुराआधी भरून ठेवायचा डबा

मृग लागला की आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या माजरी-भद्रावती कोळसापट्ट्यातली घरे पावसाळ्याच्या तयारीला लागतात. कौले फिरवून होतात, ताडपत्री येते, जळण आत घेतले जाते, डाळ-तांदूळ भरून ठेवला जातो. या सगळ्या धांदलीत एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. मध्यरात्री दारात पाणी आले आणि दहा मिनिटांत घर सोडावे लागले, तर हातात काय घेऊन निघायचे? माझे म्हणणे सरळ आहे. नदीकाठच्या प्रत्येक घरात तीन दिवस निभावतील एवढ्या सामानाचा भरलेला डबा हवा. ज्यांना तो भरणे परवडत नाही, त्यांचा डबा कोळशाच्या पैशातून भरला गेला पाहिजे.

जुलै 2022 आठवा. वर्धेला पूर आला, बल्लारपूर-राजुरा पूल पाण्याखाली गेला आणि नदीकाठची गावे तालुक्यापासून तुटली. ऑगस्टमध्ये पुन्हा तेच. आपल्याकडच्या पुराचा स्वभाव असा, की तो आपल्या डोक्यावरच्या ढगावर अवलंबून नसतो. वरच्या अंगाला पाऊस कोसळतो, अप्पर वर्धा, लोअर वर्धा, बेंबळा या धरणांचे दरवाजे उघडतात, आणि इथे ऊन पडलेले असताना पाणी चढत जाते. वर्धा फुगली की शिरणेसारख्या लहान नद्यांना आणि नाल्यांना वाट उरत नाही. त्यांचे पाणी मागे थोपते आणि शेतातून वस्तीत शिरते. त्यात खाणींतून काढलेल्या मातीचे डोंगर नदी-नाल्यांच्या काठाशी उभे आहेत. त्यांनी पाण्याची जुनी वाट अडवली, ही गावकऱ्यांची तक्रार कित्येक वर्षांची आहे.

हीच वर्धा वरच्या अंगाला काय करून गेली, तेही विसरता येत नाही. 30 जुलै 1991 रोजी नरखेड तालुक्यातल्या मोवाडमध्ये तिचे पाणी शिरले आणि 204 माणसे गेली. आज धरणांतल्या विसर्गाचे इशारे मोबाइलवर येतात, पथके बोटी घेऊन पोहोचतात. पण बोट आधी झाडावर, छतावर अडकलेल्यांकडे जाणार, आणि तसेच व्हायला हवे. उरलेल्यांना पहिले दोन-तीन दिवस स्वतःच्या बळावर काढावे लागतात. मार्च 2025 मध्ये युरोपीय संघाने आपल्या नागरिकांना 72 तासांचे सामान घरात ठेवायला सांगितले, त्यामागचा हिशेब हाच आहे.

आणि आपल्या पट्ट्यात संकट नुसते नदीतून येत नाही. 26 ऑगस्ट 2022 रोजी घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक अख्खे घर जमिनीत गडप झाले. खाली जुनी भूमिगत खाण होती. घरातली माणसे वेळेत बाहेर पडली म्हणून वाचली. नंतर भोवतालच्या कुटुंबांनाही घरे सोडावी लागली. अशा वेळी कपाट उघडून कागद शोधायला सवड कुणाला असते?

म्हणून डबा. रंगाचा वीस लिटरचा रिकामा, घट्ट झाकणाचा डबा आपल्याकडे जवळपास प्रत्येक घरी असतो. तो स्वच्छ घासून, वाळवून घ्या. झाकण नीट बसले तर पाणी आत जात नाही आणि कडीमुळे उचलायला सोपा. त्यात पहिल्यांदा औषधे जावीत. बीपी, साखर, दमा, फिट यांच्या गोळ्या आठवड्याच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. ओआरएसची पाकिटे ठेवा. ती नसतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे माप घरातल्या मोठ्या मुलांनाही पाठ असू द्या. मग टॉर्च, सेल, चार्ज केलेली पॉवर बँक, शिट्टी, दोर, काडेपेटी, साबण, बायकांसाठी पॅड, तान्हे मूल असेल तर त्याचे सामान. थोडे पैसे सुट्या नोटांत ठेवा, कारण टॉवर बंद पडला की फोनवरून दमडीही देता येत नाही. खायला चूल न पेटवता चालेल असेच घ्या. मुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ, चिवडा. हे दर महिन्याला खाऊन टाकायचे आणि ताजे भरायचे.

डब्यात न मावणारी आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाणी. पुरात विहीर आणि हातपंप दोन्ही बिघडतात. डोळ्यांसमोर पाणीच पाणी आणि प्यायला घोट नाही, अशी गत होते. माणशी दिवसाला चार लिटर धरले तर पाच माणसांना तीन दिवसांसाठी साठ लिटर लागते. म्हणजे वीस लिटरच्या तीन कॅन. इशारा मिळताच त्या भरून उंचावर किंवा गच्चीवर चढवा. शिवाय पाणी शुद्ध करणाऱ्या मेडिक्लोरची बाटली डब्यात असू द्या आणि ती बाटलीवर लिहिलेल्या मापानेच वापरा. निघताना वीज मुख्य बटणावर बंद करायची, सिलिंडरचा रेग्युलेटर काढायचा आणि गोठ्यातल्या जनावरांची दावी सोडायची. बांधलेले जनावर जागीच बुडते, मोकळे झाले की उंचवटा गाठते. पुरात साप घरात शिरतात. दंश झाला तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता 108 ला फोन करा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 आणि पोलिसांचा 112, हे आकडे झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.

कागदांविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे. आधार आणि रेशनकार्ड भिजले तर दुसरे मिळते. पण आपल्या पट्ट्यात अनेक घरांच्या पेटीत त्याहून नाजूक कागद असतात. जमीन कोल इंडियाच्या वेस्टर्न कोलफिल्ड्सने (वेकोलि) घेतल्याची नोटीस, जुना सातबारा, फेरफार, वारसांची नोंद, प्रकल्पग्रस्ताचा दाखला. कोल इंडियाच्या धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी असा हिशेब आहे, आणि त्या नोकरीचा सगळा दावा या कागदांवर उभा असतो. ते लगदा झाले की पुढची सगळी वर्षे कचेरीचे उंबरठे झिजवण्यात जातात. या कागदांच्या झेरॉक्स काढा, फोटो मुलाच्या आणि एखाद्या बाहेरगावच्या नातेवाइकाच्या फोनवर पाठवा. मूळ कागद दुहेरी प्लास्टिकमध्ये गुंडाळून डब्याच्या तळाशी ठेवा.

हे सगळे घरोघरी होईल का? ज्याच्या घरी रोजच्या मजुरीवर संध्याकाळची भाजी येते, त्याला तीन दिवसांचे जास्तीचे सामान बाजूला काढा असे सांगणे सोपे आहे, त्याला ते जमणे अवघड. इथे आपल्या शेजारच्या गडचिरोलीकडे पाहावे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. म्हणून तिकडच्या दुर्गम गावांत पावसाळ्याचे रेशन आधीच पोहोचवले जाते, आणि दिवस भरत आलेल्या बायांना दवाखान्याजवळच्या माहेरघरात आणले जाते. संपर्क तुटणार हे ठाऊक असेल तर सामान आधी पोहोचवायचे, हे शासनाने तिथे मान्य केलेले आहे. वर्धेकाठच्या खाणपट्ट्यालाही तोच न्याय हवा. पूर कोणत्या वस्तीत शिरतो, हे आता तलाठ्यापासून पोलीस पाटलापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.

पैसा कुठून, हा प्रश्न चंद्रपूर जिल्ह्यात तरी विचारू नये. इथल्या कोळशावरच्या रॉयल्टीच्या प्रमाणात जिल्हा खनिज प्रतिष्ठानात निधी जमा होतो आणि तो खाणबाधित गावांसाठीच असतो. त्यातून पूर शिरणाऱ्या प्रत्येक वस्तीतल्या प्रत्येक घराला एक भरलेला डबा आणि तीन कॅन द्यायला मोठी रक्कम लागणार नाही. सोबत गावात एक उंच, पक्के, शौचालय असलेले निवारास्थान आणि त्याची किल्ली कुणाकडे आहे हे सांगणारी पाटी हवी. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची, अपंगांची आणि गरोदर बायांची यादी आशाताईंकडे असते. त्या प्रत्येक नावापुढे, रात्री त्यांच्या दाराशी कोण जाणार त्याचे नाव लिहिलेले हवे.

आपले काम आपण या रविवारी करू. डबा घासायचा, भरायचा, दाराजवळच्या उंच फळीवर ठेवायचा आणि घरातल्या प्रत्येकाला तो दाखवायचा. पुढच्या ग्रामसभेत डब्यांचा, निवाऱ्याचा आणि यादीचा ठराव लेखी मांडायचा आणि त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायची. पाणी चढल्यावर मागितलेली मदत उशिराच येते. ती मागायची वेळ आता, रस्ते कोरडे असतानाची आहे.