विश्लेषण : 'पर्मिशन डिनाइड' म्हणजे नक्की अडवलं कोणी?

टर्मिनलमध्ये कमांड टाकली, एंटर दाबलं आणि उत्तर आलं, 'पर्मिशन डिनाइड'. परवानगी कोणाची हवी, कशासाठी हवी आणि ती मिळणार कुठून, हे मात्र कळत नाही. एआय चॅटबॉटने दिलेल्या कमांड कॉपी-पेस्ट करणाऱ्यांमध्ये आता प्रोग्रामर नसलेलेही आहेत. त्यामुळे हा जुना प्रश्न नव्या लोकांसमोर येतोय.

संदेश इतका त्रोटक का?

लिनक्स आणि मॅक या दोन्हींची रचना युनिक्सच्या वळणाची आहे. युनिक्सची सुरुवात १९६९मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये झाली. या रचनेत एखादं काम नाकारताना सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, कमांडला कारण सांगत नाही. तो फक्त एक क्रमांक देतो. लिनक्स आणि मॅकवर १३ म्हणजे 'पर्मिशन डिनाइड' आणि १ म्हणजे 'ऑपरेशन नॉट परमिटेड'. कमांड त्या क्रमांकाचं ठरलेलं वाक्य छापते. खरं कारण तिलाही माहीत नसतं.

एकच संदेश, कारणं अनेक

फाइल वाचायची परवानगी नसेल, तर १३. फाइल खुली आहे, पण तिच्या वरच्या एखाद्या फोल्डरमध्ये प्रवेश नाही, तरी १३. एसई-लिनक्ससारख्या सुरक्षा यंत्रणेने अडवलं, तरी बहुतेकदा १३च.

मॅकवर २०१८च्या मोहावी आवृत्तीपासून टर्मिनलला मेल, मेसेजेससारखा डेटा थेट वाचता येत नाही. तिथे 'सुडो' लावूनही 'ऑपरेशन नॉट परमिटेड' येऊ शकतं. उपाय सेटिंग्जमधल्या 'फुल डिस्क ॲक्सेस'मध्ये असतो, पण संदेशात त्याचा उल्लेखही नसतो.

धोका कुठे आहे?

कारण कळलं नाही की माणूस कुलूपच काढून टाकतो. 'सीएचमॉड ७७७' दिलं, की त्या कॉम्प्युटरवरच्या कोणत्याही युजरला ती फाइल वाचता, बदलता आणि चालवता येते. सर्व्हरवर ती पासवर्ड असलेली फाइल असेल, तर परिणाम गंभीर होऊ शकतात. शिवाय अडथळा वरच्या फोल्डरचा असेल, तर एवढं करूनही काम होत नाहीच.

'सुडो'चंही तसंच. त्याने तयार झालेल्या फाइल सहसा रूट युजरच्या नावावर जातात आणि पुढच्या वेळी साध्या युजरला पुन्हा 'पर्मिशन डिनाइड' दिसतं.

मग जास्त सांगणं धोक्याचं नाही का?

काही ठिकाणी आहे. गिटहबवर दुसऱ्याची प्रायव्हेट रिपॉझिटरी उघडायला गेलं, तर '४०४', म्हणजे 'सापडलं नाही', असं उत्तर येतं. ती अस्तित्वात आहे, हेच परक्याला कळू नये म्हणून. पण स्वतःच्याच कॉम्प्युटरवर बसलेल्या मालकाला हा नियम लावायचं कारण नाही.

ओपन-एसएसएच हे त्याचं चांगलं उदाहरण. खासगी कीची फाइल इतरांना वाचता येत असेल, तर हे टूल फाइलचं नाव, तिच्या परवानगीचा आकडा आणि की का नाकारली, हे सगळं स्पष्ट सांगतं.

तोवर काय करायचं?

'आयडी' कमांडने आपण कोणत्या नावाने लॉग-इन आहोत ते पाहा. 'एलएस -एल'ने फाइलची आणि 'एलएस -एलडी'ने वरच्या प्रत्येक फोल्डरची परवानगी तपासा. 'सुडो' किंवा '७७७' कोणी सुचवलं, तर आधी एकच प्रश्न विचारा: अडवलं कोणी?