दगडाला दोष, पाया दुर्लक्षित

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ सालचा दगडी कमानपूल पुरात कोसळला. एसटीच्या दोन बसही वाहून गेल्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यातील पाहणीत पूल सुरक्षित आढळल्याचे शासनाने सांगितले होते.

अशा वेळी पुलाच्या वयाकडे बोट दाखवणे सोपे असते. परंतु कमानीतला दगड भाराने अधिकच घट्ट बसतो. खांबाच्या पायाखालची माती प्रवाहाने खरवडली, की तीच कमान निराधार होते. लोखंडाचा गंज, सांध्यांत उगवलेला पिंपळ डोळ्यांना दिसतो. ही झीज दिसत नाही.

सावित्रीचा धडा वऱ्हाडालाही लागू आहे. धामणगाव रेल्वेहून पुलगावला जाताना वर्धा ओलांडणाऱ्यांनी कठड्याच्या रंगावर समाधान न मानता पाण्याखालच्या पायाच्या तपासणीचा अहवाल मागावा.