पुंजी कोणाची, पाप कोणाचे?



थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. नोकरदार मनुष्याच्या वेतनातून दरमहा जी अल्प रक्कम कापली जाते, तिचे तीस-पस्तीस वर्षांत असेच तळे साचते आणि वृद्धापकाळी त्यावर त्याचा निर्वाह चालतो. परंतु हे पाणी एका जागी स्वस्थ राहत नाही. निधीचे विश्वस्त त्यातून निरनिराळ्या कंपन्यांचे भाग विकत घेतात. आणि जो भाग घेतो तो नफ्याचा वाटेकरी होतो. तो नफा जर निरपराध माणसांच्या छळातून आलेला असेल, तर त्या पुंजीचा धनी नामानिराळा राहू शकेल काय? माझ्या मते नाही. म्हणूनच अशा धंद्यातून निवृत्तिवेतनाचा पैसा काढून घेण्यास भाग पाडणारा कायदा असला पाहिजे.

ही कल्पना केवळ स्वप्नाळूंची नव्हे. दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध भारताने 1946 सालीच व्यापारबंदी पुकारली होती. पुढे अमेरिकेत विद्यार्थी, कामगार संघटना व चर्चसंस्था यांनी निराळा मार्ग धरला. ‘आमच्या निवृत्तीचा पैसा त्या देशात धंदा करणाऱ्या कंपन्यांत नको’ अशी मागणी त्यांनी आपापल्या राज्यांच्या विधिमंडळांकडे केली. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने 1983 च्या जानेवारीत राज्यपालांचा नकार डावलून तसा कायदा केला. 1986 साली कॅलिफोर्नियानेही केला. त्याच वर्षी जनरल मोटर्स व आय. बी. एम. या बड्या कंपन्यांनी दक्षिण आफ्रिकेतून अंग काढून घेत असल्याचे जाहीर केले. या कायद्यांनीच ती राजवट कोसळली असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. मूळ बळ तेथील जनतेच्या लढ्याचे होते. पण त्या लढ्याला परदेशातून जे साहाय्य झाले, त्यात या कायद्यांचा वाटा होता.

यासाठी कायदा कशाला, विश्वस्तांचा विवेक पुरेसा नाही काय, असे कोणी विचारील. विश्वस्त सज्जन असला तरी त्याचे हात बांधलेले असतात. सभासदांचे आर्थिक हित पाहणे हे त्याचे कर्तव्य. नफ्याचे भाग स्वतःच्या भावनेखातर विकले, तर त्यालाच जाब द्यावा लागेल. त्याला न्याय्य वागण्याची मोकळीक कायद्यानेच मिळते.

दुसरा आक्षेप अधिक बिकट आहे. आपण विकलेले भाग दुसरा कोणी घेणारच. मग साधले काय? याचे उदाहरण सुदानात सापडते. दक्षिण सुदानातील यादवी युद्धाच्या काळी तेलक्षेत्रातील गावकऱ्यांना हुसकावून लावले जात होते. टॅलिसमन ही कॅनडाची कंपनी तेथील तेलधंद्यात भागीदार होती. कॅनडा सरकारने पाठविलेल्या जॉन हार्कर यांच्या पथकाने, तेलक्षेत्रातील धावपट्टी लष्करी विमाने वापरीत असल्याचे 2000 साली नमूद केले. भागधारकांचा व लोकमताचा दाब वाढत गेला आणि 2003 साली कंपनीने आपला 25 टक्के वाटा विकून टाकला. तो कोणी घेतला? ओ. एन. जी. सी. विदेश या आपल्या भारत सरकारच्या कंपनीने! तेल वाहतच राहिले. कोणी म्हणेल, पाहा, मोहीम फुकट गेली. मी म्हणतो, मोहीम एकाच अंगणात थांबली म्हणून ती अपुरी ठरली. ज्या भारताने 1946 साली जगाला वाट दाखविली, त्याच्याच दारी हा प्रश्न आता येऊन उभा आहे.

कायदा मात्र विचारपूर्वक रचला पाहिजे. 2003 पासून दार्फुरमध्ये सुरू झालेल्या हत्याकांडामुळे इलिनॉय राज्याने 2005 साली कायदा केला. परंतु राज्याने परराष्ट्रधोरणात ढवळाढवळ केली असे ठरवून न्यायालयाने 2007 साली तो रद्द केला. त्याच वर्षअखेर अमेरिकी संसदेने राज्यांना तसा अधिकार दिला. मात्र वीज, खनिजे, तेल आणि लष्करी सामग्री या चारच धंद्यांपुरता. धान्य व औषधे पुरविणाऱ्याला शिक्षा नको, हा त्यातील विवेक अनुकरणीय आहे.

हे सर्व परदेशीचे म्हणून सोडून देता येणार नाही. 1 जानेवारी 2004 पासून केंद्र सरकारच्या नागरी सेवेत रुजू झालेल्यांसाठी आलेल्या नव्या योजनेत निवृत्तिनिधीचा काही भाग कंपन्यांच्या भागांत गुंतविला जातो. कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीचाही काही अंश 2015 पासून शेअरबाजारात जातो. म्हणजे आपल्या गावातील टपाल कर्मचारी आणि कारखान्यातील कामगार हेही आज न कळत भागधारक आहेत. त्यांचा पैसा कोठे जातो हे त्यांनी विचारावे, आणि घोर अत्याचारांना हातभार लावणारे धंदे निधीतून वगळण्याचा कायदा आपल्या लोकप्रतिनिधींकडे मागावा.

मित्रहो, उद्या तुम्हीही मिळवते व्हाल. वेतनाचा पहिला कागद हाती येईल तेव्हा किती रक्कम कापली हे तर पाहाच. पण ती कोठे गेली हेही विचारा. म्हातारपणीची भाकरी निश्चिंत असावी, तशीच ती निष्कलंकही असावी.