स्कार्फची गाठ कुठं मारावी?

मैत्रिणींनो, मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणं आम्हा जळगाव-भुसावळकरांना काही नवं नाही. पण ऊन आहे म्हणून बाजार, बँक, मुलांची ने-आण कुणाला चुकली आहे? स्कूटरवर बसायचं म्हणजे डोक्याला स्कार्फ आलाच. माझी धुळ्याची आई म्हणते, "पदर घेतला असता तर एवढा खटाटोप कशाला?" पण वाऱ्यावर पदर टिकतो का, तुम्हीच सांगा!

कापड मात्र पातळ सुती घ्या. नायलॉन, जॉर्जेट दिसायला छान, पण घसरतं आणि घामाने डोकं उकडून निघतं. मी फुले मार्केटमधून मीटरभर मलमल आणते आणि कडेला पिको करून घेते. रंग फिकाच बरा. काळा उन्हात तापतो.

आता बांधणं. आधी केसांची सैलसर वेणी घाला, मानेजवळून. अंबाडा किंवा वर क्लचर नको. का ते पुढे सांगते. चौकोनाचा त्रिकोण करून लांब कड कपाळावर, केसांच्या बोटभर पुढे ठेवा. दोन्ही टोकं कानांवरून मागे न्या आणि वेणीच्या खाली, अगदी मानेवर गाठ मारा. तिसरं टोक गाठीखाली दाबायचं. फार आवळू नका हं. रोज केस ओढले गेले की कपाळावरचे विरळ होतात.

आपण चुकतो ती गाठीच्या जागेत. गाठ किंवा अंबाडा डोक्यावर मागे फुगला की हेल्मेट नीट बसत नाही, वरच तरंगतं. अशा हेल्मेटचा पडल्यावर काय उपयोग? शिवाय क्लचर आत रुततो तो वेगळाच. मानेवरची गाठ हेल्मेटच्या कडेखाली येते, त्रास नाही. आणि हेल्मेट चालवणाऱ्यानेच घालायचं असं नाही, मागे बसणारीलाही कायद्याने ते सक्तीचं आहे. स्कार्फ हा हेल्मेटऐवजी नसतो, हे पोलिसाला नव्हे, आधी स्वतःला पटवावं लागतं.

डोळे तेवढे उघडे ठेवून ओढणी गुंडाळायची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. धुळीला ती उत्तम. पण कानांवर चार-चार घड्या घेऊ नका, मागचा हॉर्न ऐकू आला पाहिजे. आणि टोकं! दोन वर्षांपूर्वी धुळ्याहून मोटारसायकलवर येत होतो. पाळधीच्या पुढे माझ्या गळ्याला एकदम हिसका बसला. ओढणीचं लोंबतं टोक मागच्या चाकात गेलं होतं. गाठ सैल होती म्हणून सुटली आणि अर्धी ओढणी चाकाने गिळली. यांनी गाडी थांबवली, पण मला दहा मिनिटं बोलता येईना. साडीगार्ड आम्हीच "दिसायला बरं नाही" म्हणून काढून ठेवलं होतं! १९२७ साली फ्रान्समधल्या नीस शहरात इझाडोरा डंकन ही प्रसिद्ध नर्तकी अशीच गेली. उघड्या मोटारीत तिचा लांब स्कार्फ चाकात अडकला. कॉलेजात वाचलं तेव्हा ती नुसती गोष्ट वाटली होती.

तेव्हापासून मी टोकं कमीजच्या आत, पाठीकडे खोचते आणि साडी असेल तर पदर कमरेला घट्ट. गाडीवर बसल्यावर एकदा हाताने चाचपायचं, बस.

घरात हौस करायला मुभा आहे. त्याच चौकोनाची चार बोटं रुंद पट्टी करून मानेखालून वर आणा, कानामागे गाठ द्या. पोळ्या लाटताना केस तोंडावर येत नाहीत. वेणीच्या तीन पेडांपैकी एकात पट्टी गुंफली की हळदीकुंकवालाही खुलून दिसते. मेंदी लावलेल्या दिवशी मात्र जुना स्कार्फच वापरा, डाग जात नाही.

आणि रोज धुवा, बाई. घामेजलेला स्कार्फ दुसऱ्या दिवशी तसाच बांधला की खाज सुटलीच समजा. ओल्या केसांवरही बांधू नये. दोन स्कार्फ आळीपाळीने वापरावेत. आमच्याकडच्या उन्हात मलमल अर्ध्या तासात वाळते, उन्हाचा तेवढा तरी फायदा.