परताव्यातला टक्का कोणाचा?

जुलै महिना उजाडला की प्राप्तिकराची विवरणपत्रे भरून देणाऱ्या सल्लागारांच्या दारी गर्दी होऊ लागते. या गर्दीत आता व्यापाऱ्यांच्या बरोबरीने कंत्राटी परिचारिका, तासांवर शिकविणारे शिक्षक आणि ठेक्यावरचे तंत्रज्ञही उभे असतात. सल्लागाराने सांगितलेली फी वाजवी आहे काय, असा प्रश्न ते आपल्या कार्यकर्त्यांना विचारतात. ‘बाजारात चालेल तो भाव’ एवढे उत्तर देऊन समाजवाद्याला मोकळे होता येणार नाही.

फी म्हणजे श्रमाचा आणि पत्करलेल्या जबाबदारीचा मोबदला. हे माप एकदा मान्य केले म्हणजे ते सल्लागारालाही लावले पाहिजे. एखादा दुकानदार वर्षभराच्या पावत्या पिशवीत कोंबून आणतो. त्या लावायच्या, बँकेच्या उताऱ्याशी ताळा घालायचा, खात्याची नोटीस आली तर उत्तर द्यायचे, हे काम दिवसांचे आहे. वडिलार्जित जमीन विकणाऱ्याचा भांडवली नफा काढण्यास अभ्यास लागतो. अशा कामाला हजारो रुपये पडले म्हणून लूट झाली असे ओरडणे अन्यायाचे होईल. सनदी लेखापालांच्या संस्थेने फीचा एक तक्ता सुचविला आहे, पण तो बंधनकारक नाही. तेव्हा निवाडा कामाकडे पाहूनच करावा लागतो.

आता दुसरे टोक पाहा. समजा, खाजगी रुग्णालयातील एका परिचारिकेला दरमहा २५,००० रुपये मिळतात. रुग्णालय तिला नोकर न म्हणता ‘व्यावसायिक’ म्हणते आणि दहा टक्के कर मुळातच कापून घेते. वर्षाला ३ लाखांच्या कमाईतून ३०,००० रुपये गेले. दुसरे उत्पन्न नसेल तर तिला कर लागूच होत नाही. पण स्वतःचेच पैसे परत मिळविण्यासाठी तिला विवरणपत्र भरावे लागते. कपातीचा तपशील खात्याच्या नोंदीत असतो. ‘सुगम’ नावाचा नमुना भरणे हे सरावलेल्या हाताला तासाभराचे काम. त्यासाठी सल्लागार परताव्याचे दहा टक्के, म्हणजे ३,००० रुपये मागतो. तिची निम्मी कमाई असलेली सहकारीण आली तर काम तेवढेच, फी मात्र १,५००! मग ही किंमत कशाची? श्रमाची खचित नव्हे. जमीन न कसता पिकातला वाटा उचलणाऱ्या खोताची येथे आठवण व्हावी.

टक्केवारी गरिबाच्या सोयीची, कारण पैसे हाती आल्यावरच द्यावे लागतात, असा युक्तिवाद केला जातो. सोयच पाहायची तर फी आधी ठरवावी आणि परतावा आल्यावर घ्यावी. त्यासाठी टक्का कशाला? १९४९ च्या सनदी लेखापाल कायद्याने नफ्याच्या टक्केवारीवर अगर निकालावर अवलंबून असलेली फी घेणे, परवानगीचे अपवाद वगळता, व्यावसायिक गैरवर्तन ठरविले आहे. त्यामागे शहाणपण आहे. परतावा फुगला की टक्का फुगतो. मग खोटे घरभाडे आणि न दिलेल्या देणग्या विवरणपत्रात शिरतात. १४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर खात्याने अशा बनावट वजावटींच्या शोधात देशभर सुमारे १५० ठिकाणी तपासणी केली, तेव्हा कमिशनवर चालणारे मध्यस्थच समोर आले. चुकीची माहिती देऊन दडविलेल्या करावर दुप्पट दंड होऊ शकतो, आणि तो भरावा लागतो करदात्याला. टक्का घेणारा तोवर पुढल्या अशिलाकडे गेलेला असतो.

सरकारही यातून सुटत नाही. खात्याच्या संकेतस्थळावर विवरणपत्र फुकट भरता येते हे खरे. पण ज्याला ती यंत्रणा हाताळता येत नाही, त्याला तो फुकटपणा काय कामाचा? २००६ साली केंद्राने विवरणपत्रे भरून देणारे साहाय्यक प्रशिक्षित करण्याची योजना काढली आणि त्यांनी करदात्याकडून घ्यावयाच्या रकमेवर २५० रुपयांची मर्यादा घातली. म्हणजे साध्या कामाचा दर ठरविता येतो, हे राज्यकर्त्यांनीच एकदा मान्य केले होते. ज्यांना कर लागत नाही पण ज्यांचे पैसे कापले जातात, त्यांना मदत विनामूल्य मिळणे हा उपकार नसून हक्क आहे.

तोवर आपल्या युनियनच्या कचेऱ्यांनी जुलैत आठवड्यातून एक संध्याकाळ या कामासाठी राखून ठेवावी. सल्लागाराकडे जाणाऱ्याला चार गोष्टी शिकवाव्या: काम कोणते आणि फी किती हे आधी विचारावे, पावती घ्यावी, खात्यावर मोबाइल क्रमांक आपलाच नोंदवावा व पासवर्ड स्वतःजवळ ठेवावा, आणि भरलेले विवरणपत्र वाचून घेतल्याशिवाय संमती देऊ नये. प्रामाणिक सल्लागार यातल्या एकाही गोष्टीला हरकत घेणार नाही.

हे करीत असताना त्या परिचारिकेला आणखी एक प्रश्न विचारावा: बाई, तुम्ही रोज ठरल्या पाळीला हजर राहता, वरिष्ठांचा हुकूम पाळता, मग तुम्ही ‘व्यावसायिक’ कशा? ३,००० रुपयांच्या फीचा वाद तेथून भविष्य निर्वाह निधीच्या हक्कापर्यंत पोहोचतो. तो तेथवर नेणे हे आपले काम आहे.