दवाखाना बदलायचा तर सातव्यातच बदला

नाशिकमध्ये बाळंतपणाचा दवाखाना कसा ठरतो ते सगळ्यांना माहीत आहे. जावेचं तिथंच झालं होतं. डॉक्टरीणबाई गोड बोलतात. घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. खोलीला एसी आहे आणि पाहुण्यांना बसायला सोफा. कॉलेज रोडपासून इंदिरानगर, सिडको, नाशिकरोडपर्यंत गल्लोगल्ली प्रसूतिगृहं आहेत, तेव्हा निवड करायला वाव भरपूर. पण रात्री दोन वाजता काही बिनसलं तर इथं काय होईल, हा प्रश्न नाव घालायच्या दिवशी फारसं कुणी विचारत नाही. विचारलं तर डॉक्टरांना राग येईल असं वाटतं. वर घरातलं कुणीतरी म्हणतंच, "अशुभ कशाला बोलायचं?"

ऑगस्ट 2017 मध्ये आपल्या सिव्हिल हॉस्पिटलच्या नवजात बालकांच्या कक्षात एका महिन्यात 55 बाळं दगावली. देशभर बातमी झाली, मंत्री येऊन गेले, चौकशा झाल्या. पेट्या कमी आणि बाळं जास्त, त्यामुळे एकेका पेटीत दोन-दोन, तीन-तीन बाळं ठेवावी लागत होती. सरकारी यंत्रणेचा दोष होताच, तो झाकायचं कारण नाही. पण रुग्णालयाने त्या वेळी जे सांगितलं ते आई-बापांनी लक्षात ठेवायला हवं होतं, आणि तेच बातमीच्या गदारोळात मागे पडलं. यातली बरीच बाळं खासगी दवाखान्यांतून अगदी शेवटच्या घटकेला आणलेली होती. अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची, श्वास घेता न येणारी.

म्हणजे त्यांचाही दवाखाना बदललाच होता. फक्त बदलायला नको त्या वेळी बदलला होता.

कमी दिवसांचं बाळ होणार असं आधी दिसत असेल, तर ते आईच्या पोटात असतानाच मोठ्या दवाखान्यात न्यावं हे डॉक्टर मंडळी नेहमी सांगतात. वेळ हाताशी असेल तर आईला इंजेक्शनं देऊन बाळाची फुप्फुसं थोडी तयार करता येतात. जन्मल्यावर दुपट्यात गुंडाळून, ॲम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजन लावून, द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकून नेलेल्या बाळाला ती संधी मिळत नाही.

म्हणून दवाखाना पाहायला जाल तेव्हा सोफा नंतर पाहा. आधी विचारा, भूल देणारे डॉक्टर कुठे असतात? बहुतेक छोट्या प्रसूतिगृहांत ते बाहेरून येतात, बालरोगतज्ज्ञही बाहेरून येतात. यात गैर काही नाही, सगळीकडे तसंच चालतं. पण ते रात्री किती वेळात पोचतात, आणि एक जण गावाला गेला तर दुसरा कोण, हे सरळ विचारता येतं. रक्ताचंही तसंच. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव हे बायका दगावण्याचं मोठं कारण आहे आणि त्यात हाताशी तास-दोन तासच असतात. रक्तगट निगेटिव्ह असेल तर रक्तपेढीत आधीच बोलून ठेवावं लागतं, आणि बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर 72 तासांत आईला अँटी-डी इंजेक्शन लागतं. ते तिथं मिळतं की नवऱ्याला चिठ्ठी घेऊन मेडिकल शोधत फिरावं लागतं? आणि शेवटचा प्रश्न: बाळाला काचेत ठेवायची वेळ आली तर ते कुठे पाठवता? चांगले डॉक्टर या प्रश्नावर दोन सेकंदही थांबत नाहीत. अमक्या ठिकाणी पाठवतो, तिथल्या डॉक्टरांशी आमचं बोलणं असतं, असं उत्तर येतं. "तशी वेळ येणारच नाही" हे उत्तर मिळालं तर चपला घालायला हरकत नाही.

आणखी एक करा. रात्री दहानंतर त्या दवाखान्यात एकदा फोन लावून पाहा. कोण उचलतं, किती वेळाने उचलतं, नर्सबाई आहेत की नुसता वॉचमन, एवढं त्या एका फोनवर कळतं. जमलं तर जेवणानंतर चक्कर टाका. स्ट्रेचर लिफ्टमध्ये आडवं मावतं का पाहा. आपल्याकडे राहत्या बंगल्यांची प्रसूतिगृहं झालेली आहेत, आणि त्यांच्या जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर उभं करावं लागतं.

सिझरचं काय? हा प्रश्न सगळ्यांच्याच मनात असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या खासगी दवाखान्यांतलं सिझरचं प्रमाण 47.4 टक्के निघालं आणि सरकारी दवाखान्यांतलं 14.3 टक्के. बायकांच्या कमरेची हाडं खासगी दवाखान्याच्या दारात आल्यावर एकदम अरुंद होतात, असं तर नाही. फरकाची कारणं डॉक्टरांच्या सोयीत आहेत, पैशात आहेत, खटल्याच्या भीतीत आहेत, आणि "कळा सोसवत नाहीत, आत्ताच सिझर करा" म्हणणाऱ्या, मुहूर्त काढून आणणाऱ्या नातेवाइकांतही आहेत. तेव्हा विचारा, पहिलटकरणींपैकी तुमच्याकडे साधारण कितींचं सिझर होतं? मात्र उत्तर नीट वाचा. जिथं जिल्हाभरातल्या अवघड केसेस येतात तिथला आकडा मोठा असणारच. त्या आकड्याला घाबरू नका. ज्या छोट्या दवाखान्यात धडधाकट मुलींचीच नावं घातलेली असतात, तिथं आकडा मोठा असेल तर मात्र दहा वेळा विचार करा. आणि "आम्ही नॉर्मलच करतो" अशी हमी देणाऱ्यापासून तर लांबच राहा. कुठलेही प्रामाणिक डॉक्टर अशी हमी देत नाहीत.

सरकारी दवाखान्याबद्दल मध्यमवर्गीय घरांत बोलणंच होत नाही, आणि कर्ज काढून डिपॉझिट भरणाऱ्या घरांतही होत नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं. त्र्यंबक रोडवरचं सिव्हिल, महापालिकेचं कथड्यातलं झाकीर हुसेन, नाशिकरोडचं नवीन बिटको, पंचवटीतलं इंदिरा गांधी ही रुग्णालयं आपल्याच पैशांवर चालतात. 1 जून 2011 पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू आहे. त्यानुसार सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरी परत सोडणारी गाडी हे सगळं मोफत आहे. कुणी बाहेरून औषध आणायला चिठ्ठी देत असेल तर हे वाक्य शांतपणे बोलून दाखवा. गर्दी असते, खाट शेजारणीबरोबर वाटून घ्यावी लागू शकते, मावशी खेकसतात, हेही खरं आहे. बाळंतिणीजवळ एक बाईमाणूस थांबू द्यायला केंद्र सरकारने 2016 मध्येच परवानगी दिली आहे, तरी दारावर अडवतात. पण भूलतज्ज्ञ, रक्त आणि नवजात कक्ष एका आवारात असणं ही गोष्ट जिच्या बाळंतपणात धोका आहे तिच्यासाठी एसीच्या खोलीपेक्षा मोलाची आहे. शेवटी तिथंच जावं लागेल असं वाटत असेल, तर सुरुवातीलाच तिथं नाव घाला. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, ती चुकवू नका. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ज्यांचा विमा कापला जातो त्यांनी राज्य कामगार विमा रुग्णालयातही चौकशी करावी.

आता माहेरच्या बाळंतपणाकडे वळू, कारण आपल्याकडे दवाखाना बदलतो तो मुख्यतः याच रिवाजाने. नाशिकची सून मालेगावला, मनमाडला, चाळीसगावला जाते. मुंबई-पुण्याला दिलेली नाशिकची लेक इकडे येते. रिवाज चांगला आहे. आईच्या हातचं खायला मिळतं, पहाटे बाळ रडलं तर उठायला कुणी असतं. अडचण एवढीच की डोहाळजेवण, ओटी, फोटो हे सगळं उरकून मुलगी निघते तेव्हा नववा लागलेला असतो, आणि तिकडच्या डॉक्टरांनी तिला कधी पाहिलेलंच नसतं.

अशा मुलीची पिशवी एकदा उघडून पाहा. पिशवी साडीच्या दुकानाची. तिच्यात सोनोग्राफीच्या फिल्मा गुंडाळी करून ठेवलेल्या, रिपोर्ट कुठे आहे ते सापडत नाही. गोळ्यांची रिकामी पाकिटं आहेत, पण कोणती गोळी कधी बंद केली ते लिहिलेलं नाही. अंगणवाडीतून मिळालेलं माता-बाल संरक्षण कार्ड घरीच राहिलंय, "ते सरकारी असतं ना" म्हणून. खरं तर सगळ्यात कामाचा कागद तोच. बीपी, वजन, हिमोग्लोबिन, लघवीची तपासणी, धनुर्वाताचं इंजेक्शन, सगळं एका ओळीत, महिन्याप्रमाणे. बीपी 110 वरून 130 वर कधी गेलं हे त्या कार्डावर दिसतं, आठवणीतून सांगता येत नाही. नव्या डॉक्टरांपुढे ते नसेल तर त्यांना सगळं पहिल्यापासून करावं लागतं, आणि कळा सुरू झाल्यावर त्याला वेळ नसतो.

माहेरी जायचं पक्कं असेल तर पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीनंतर तिकडच्या डॉक्टरांना एकदा दाखवून या. सातव्यात पुन्हा दाखवा आणि तिथं नाव घाला. सध्याच्या डॉक्टरांना आपण कुठे जाणार ते सांगा, लपवू नका. त्यांना वाईट वाटत नाही, त्यांनी अशा शेकडो मुली माहेरी पाठवल्या आहेत. त्यांच्याकडून एक पानभर लिहून घ्या: तारीख कोणती धरली आहे, रक्तगट, शुगर, थायरॉइड, चालू गोळ्या, काही धोका असेल तर तो. आणि बीपी वाढलेलं असेल, जुळी असतील, वार खाली असेल, आधीचं सिझर असेल किंवा बाळाची वाढ कमी दिसत असेल, तर माहेरी जाण्याचा हट्ट सोडून आईलाच आपल्याकडे बोलवा. कसारा घाटात कळा आल्या तर पंचवटी एक्स्प्रेस साखळी ओढून थांबेल, पण तिथं दवाखाना उभा नसतो.

माहेर सोडूनही दवाखाना बदलावासा वाटतो. प्रत्येक वेळी वेगळेच डॉक्टर तपासतात, प्रश्न विचारला की "गुगल वाचू नका" एवढंच ऐकावं लागतं, बिलाचा अंदाज विचारला तर टाळाटाळ होते. यातलं काहीही बदलायला पुरेसं कारण आहे. भिडेखातर कुणी बाळंतपण करून घेऊ नये. महाराष्ट्रातल्या शुश्रूषागृहांच्या 2021 च्या नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दवाखान्यात लावलेलं असायला हवं, ते मागता येतं. आणि रुग्णाने लेखी मागितल्यावर 72 तासांत कागदपत्रं द्यावीत, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेतच नियम आहे. भांडण न करता "आम्ही दुसरीकडे दाखवतो आहोत, फाइलची प्रत द्या" एवढं पुरतं. मेडिक्लेम असेल तर नवा दवाखाना कंपनीच्या यादीत आहे का आणि बाळंतपणाची प्रतीक्षा मुदत संपली का, हे आधी विचारून घ्या. बिल हातात आल्यावर विचारून उपयोग नसतो. कळा सुरू झाल्यावर मात्र नातेवाइकांनी आपल्या मनाने दवाखाना बदलू नये. तेव्हा डॉक्टर पाठवतील तिथं, ते सांगतील त्या गाडीतून, चिठ्ठी हातात घेऊन जायचं.

पेठ, सुरगाणा, हरसूलच्या बायकांना यातली बरीच निवड उपलब्धच नाही, हे मान्य. सुरगाण्याहून नाशिक नव्वदेक किलोमीटर, आणि वाटेत पावसाळा. तिथं आशाताई हाच खरा दुवा. आदिवासी भागातल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ दिवस भरत आलेल्या बायकांना आधी येऊन राहायला 'माहेरघर' असतं, आपल्या केंद्रात ते आहे का ते तिला विचारा. नाशिकला कुणी नातेवाईक असेल तर तारखेच्या आठ-दहा दिवस आधी त्यांच्याकडे येऊन राहा. 102 आणि 108 हे नंबर नवऱ्याच्याच नव्हे, सासूच्या फोनमध्येही घालून ठेवा.

एक छोटं काम जाता जाता. जन्म जिथं झाला तिथंच त्याची नोंद होते, 21 दिवसांत आणि फुकट. मालेगावात बाळंत झालात तर दाखला मालेगावचा. घरी निघण्याआधी दवाखान्याच्या फॉर्मवर आई-बापाच्या नावांची अक्षरं आधार कार्डाशी ताडून पाहा. ऑक्टोबर 2023 पासून शाळेपासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला चालतो.

आणि ज्यांची तारीख ऑगस्ट-सप्टेंबर 2027 मध्ये येईल त्या नाशिककरांना वेगळं सांगायला हवं. सिंहस्थात नाशिकची अमृतस्नानं 2 ऑगस्ट, 31 ऑगस्ट आणि 11 सप्टेंबरला आहेत. 2015 च्या पहिल्या पर्वणीला, 29 ऑगस्टला, पोलिसांनी इतकी बॅरिकेडं लावली की गावातल्या माणसांना घराबाहेर पडणं मुश्कील झालं. पुढच्या पर्वणीला बंदोबस्त सैल करावा लागला. या वेळी काय होईल ते तेव्हा दिसेल. तुम्ही मात्र वाट पाहू नका. घर पंचवटीत, म्हसरूळला किंवा आडगावकडे असेल तर गोदावरीच्या त्याच काठावरचा दवाखाना धरा. घर अलीकडे असेल तर अलीकडचा. स्नानाच्या आदल्या दिवशी डॉक्टर स्वतः कुठे असतील आणि भूल देणारे कोणत्या पुलावरून येतील, हे जुलैतच विचारून ठेवा.