हे कुठलं ठिकाण?

निसर्गचित्र दिसलं की आपण आधी विचारतो, "हे कुठलं ठिकाण?" त्यापेक्षा "हे तुझ्या मनात कुठून आलं?" असं विचारावं. 17व्या शतकातला डच चित्रकार हर्क्युलिस सेगर्स सपाट हॉलंडात राहून तांब्याच्या पत्र्यावर खडकाळ डोंगर कोरायचा, शाई-कापड बदलून प्रत्येक छाप निराळा काढायचा. तो खोटं बोलत होता काय? आपल्या बेळगावच्या रवी परांजपे यांना गुरू के. बी. कुलकर्णींनी समोरचं बघायला शिकवलं. पुढं त्यांच्या चित्रांत झाडं-शेतं नक्षीदार होत गेली.

मी लिनोवर राजहंसगडाच्या पायथ्याला निपाणीची तंबाखूची वखार कोरली. "असं कुठं असतंय?" मित्र हसला. नसतंय. पण आजी वखारीत राबली, मी गड बघत वाढलो. दोन्ही एकत्र ठेवायला दुसरी जागा कुठं होती?